खा खा सुटते तेव्हा काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

सोमवारी सकाळी गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण निम्मं. मंगळवार बरा जातो. बुधवारी डोकं धरतं. गुरुवारी कुणाशी तरी वाजतं, रात्री अकराला स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि बिस्किटांचा पुडा कधी संपला ते कळतही नाही. मग "आठवडा तर गेलाच" म्हणून शनिवार-रविवार मोकाट, आणि पुढचा सोमवार आणखी कडक नियम घेऊन उजाडतो.

हे चक्र चार-पाचदा फिरून झालंय अशांसाठी हे लिहितोय. मनोनिग्रह कमी पडला असं प्रत्येकाला वाटतं. माझ्या मते तो कमी पडत नाही, चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. सुरुवात ताटापासून केली जाते, ताणाकडे शेवटी बघितलं जातं आणि झोपेकडे कधीच नाही. खालचे सात टप्पे मुद्दाम उलट्या क्रमाने लावलेत. सगळं अंगवळणी पडायला तीन महिने तरी धरा. पहिले दोन टप्पे गाळले तर पुढचे पाच चालत नाहीत.

## सुरू करण्याआधीची तयारी

एक खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये टिपलंत तरी चालेल, पण कॅलरी मोजणारं अ‍ॅप नको. आकडा दिसला की सगळं लक्ष आकड्यावर जातं आणि जे शोधायचंय तेच निसटतं. जेवणाच्या वेळांसाठी गजर लावा. वजनकाटा घरात असेल तर पहिले सहा आठवडे तो माळ्यावर टाका. अंगातल्या पाण्यामुळे आणि खाण्यातल्या मिठामुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. तो किलो पाहून दुपारी उपाशी राहायचं आणि संध्याकाळी तुटून पडायचं, ही ठरलेली गोष्ट.

घरातल्या एका माणसाला तुम्ही काय करताय ते सांगून ठेवा. काय बोलायचं नाही तेही सांगा. "परत खातोयस?" हा प्रश्न ऐकल्याने कुणाचं खाणं थांबलेलं मी पाहिलेलं नाही. खाणं लपून सुरू होतं, एवढंच.

इशारा: हे आधी वाचा. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, त्या वेळी स्वतःवर अजिबात ताबा राहत नाही, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने चाललंय, तर तो बिंज ईटिंगचा आजार असू शकतो. 2013 पासून मानसोपचारात त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. खाल्ल्यानंतर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा भरपाई म्हणून दिवस दिवस उपाशी राहणं सुरू असेल तर हा लेख बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून मगच बदला. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन, मिर्टाझापिन अशी काही औषधं भूक वाढवतात. वखवख औषध सुरू झाल्यावर वाढली असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

## टप्पा 1: सात दिवस फक्त लिहा, काहीही बदलू नका

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळेच तो उरकतात. मीही पहिल्यांदा दोन दिवसांत गुंडाळला होता, "मला माहितीये मी केव्हा खातो" म्हणत. माहीत नव्हतं. मला वाटायचं माझं सगळं खाणं रात्रीचं आणि चिंतेपोटी आहे. वहीत सलग पाच दिवस दुपारचे सव्वाचार निघाले.

प्रत्येक खाण्याला एक ओळ. तोंडात टाकलेला एक घास किंवा दुसऱ्याच्या ताटातलं उचललेलंसुद्धा धरायचं. ओळीत या गोष्टी हव्यात:

- किती वाजले, काय खाल्लं, बसून की उभ्याने
- त्याआधी शेवटचं केव्हा खाल्लं होतं
- भूक 0 ते 10 मध्ये किती (0 म्हणजे पोट तुडुंब, 10 म्हणजे हातपाय गळालेत)
- आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं
- मनात काय होतं, एका शब्दात

दोन नमुने पाहा.

"दु. 4:20. चार बिस्किटं, उभ्याने. शेवटचं खाणं सकाळी 9. भूक 8. लांबलेली मीटिंग. चिडचिड."

"रात्री 10:45. अर्धं चॉकलेट, मोबाइल बघत. शेवटचं खाणं 8:30. भूक 2. उद्याचं काम आठवलं. धास्ती."

लिहिणाऱ्याला दोन्ही "टेन्शनमधलं खाणं" वाटेल. पहिलं निव्वळ उपाशीपण आहे. सात तास पोटात काही नाही म्हटल्यावर कोणाचीही चिडचिड होईल. खरं भावनिक खाणं फक्त दुसऱ्या ओळीत आहे. दोघांवर इलाज वेगळा असल्यामुळे ही निवड करायलाच हवी, आणि ती वहीशिवाय होत नाही.

भूक आणि वखवख ओळखण्याची एक कसोटी सगळीकडे सांगितली जाते. भूक हळूहळू चढते, तिला कोणतंही अन्न चालतं आणि पोट भरलं की ती शमते. वखवख अचानक उठते, तिला अमुकच पदार्थ हवा असतो आणि पोट भरलं तरी मन भरत नाही. कसोटी चांगली आहे, पण तिची एक अट कुणी सांगत नाही. शेवटच्या खाण्याला पाच-सहा तास उलटून गेले असतील तर खरी भूकही अचानक झडप घालते आणि गोडच मागते. तेव्हा आधी घड्याळ बघा, मग कसोटी लावा.

नेहमीच्या चुका. रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहिणं (हटकून अर्धं विसरतं). वाईट दिवस गाळणं, जेव्हा नेमके तेच हवे असतात. आणि वही सुरू केल्या केल्या शहाण्यासारखं खायला लागणं. या आठवड्यात जसं खाता तसंच खा, नाहीतर वहीत तुम्ही सापडणार नाही.

तपासणी. आठव्या दिवशी दोन रंगांची पेनं घ्या. शेवटच्या खाण्याला चार तासांहून जास्त झाले होते किंवा भूक 6 च्या वर होती, त्या ओळींवर एक रंग. भूक 3 किंवा कमी असताना खाल्लेल्यांवर दुसरा. पहिल्या रंगाचा इलाज टप्पा 2 मध्ये आहे, दुसऱ्याचा 3 आणि 4 मध्ये. मधल्या, बिनरंगाच्या ओळी तूर्त सोडून द्या.

## टप्पा 2: आधी पोट, मग मन

पुढचे दोन आठवडे भावनांना हात लावायचा नाही. फक्त वेळेवर खायचं: तीन जेवणं, मध्ये एक-दोन छोटी खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून मोठा खंड नाही. ही कल्पना माझी नव्हे. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या आजारांवर जी वर्तन-उपचारपद्धती घडवली तिच्यात नियमित खाणं हे अगदी सुरुवातीचं पाऊल आहे. ज्यांचा खाण्यावरचा ताबा सुटलाय त्यांना कमी खायला सांगत नाहीत, वेळेवर खायला सांगतात.

कारण कळायला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण 1,570 कॅलरींवर. धडधाकट, समजूतदार माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची खा खा बरेच दिवस थांबेना. त्यांना आधी कसली भावनिक खाण्याची सवय नव्हती. आजचे कित्येक "डाएट प्लॅन" याहून कमी कॅलरींचे असतात आणि त्यावर टिकलं नाही की माणूस स्वतःच्या चारित्र्याला दोष देतो.

हे करायचं असं:

1. उठल्यापासून दोन तासांच्या आत पहिलं खाणं. भूक नसली तरी थोडं. रात्री उशिरा खाणाऱ्यांना सकाळी भूक नसते आणि सकाळी न खाल्ल्याने रात्री पुन्हा खाल्लं जातं. ही गाठ सकाळच्या टोकानेच सुटते.
2. वहीत जी धोक्याची वेळ निघाली तिच्या अर्धा-पाऊण तास आधी छोटं खाणं ठरवून ठेवा. माझ्या सव्वाचारला मी साडेतीनच्या गजराने गाठलं.
3. प्रत्येक जेवणात प्रथिनांचं काहीतरी (डाळी, अंडी, दही, मांस-मासे, जे तुमच्या घरात चालतं ते) आणि चोथा असलेलं काहीतरी. याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. बाकी ताटाची रचना आत्ता बदलू नका.
4. काल रात्री कितीही खाल्लेलं असो, आजची वेळ चुकवायची नाही.

चौथा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. "काल एवढं झालं, आज दुपारचं सोडतो" हे हिशेबाला धरून वाटतं. प्रत्यक्षात दुपारी सोडलेलं रात्री व्याजासकट वसूल होतं.

झोपही याच टप्प्यात घ्या. शिकागो विद्यापीठाच्या 2004 च्या एका अभ्यासात 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं आणि भूक चेतवणारं ग्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं. माणसं थोडी आणि रात्री दोनच, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. पण जागरणाच्या दुसऱ्या दिवशी हात सारखा डब्याकडे का जातो याचं उत्तर त्यात आहे. प्रौढाला रात्रीची सात तास झोप हवी. झोपेची वेळ पाळणं जड जात असेल तर उठण्याची वेळ पक्की करा, ते सोपं पडतं. कॅफिनचा निम्मा अंश अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतरची कॉफी आधी तपासा.

तपासणी. दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस लिहा. पहिल्या रंगाच्या ओळी निम्म्याने तरी घटल्या असतील तर पुढे चला. नसतील तर इथेच थांबा, आणखी एक आठवडा द्या. कुणी मागे लागलेलं नाही.

## टप्पा 3: ताण येण्याच्या आधीच त्याला वाट करून द्या

एकदम दचकल्यावर भूक मरते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही तो यामुळेच. दचकल्यावर अंगात सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन पचनाचं काम मागे ढकलतं. ताण दिवसचे दिवस चिकटून राहिला की चित्र उलटं होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडत राहतात, भूक वाढते, आणि ओढ मुख्यतः गोड-तेलकटाकडे लागते. काहींची भूक ताणाने कायम मरतेच. त्यांच्यासाठी टप्पा 2 हाच खरा टप्पा आहे.

पहिलं काम कागदावर. वहीतल्या दुसऱ्या रंगाच्या ओळींसमोरची कारणं एका पानावर उतरवा आणि प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा. सोडवता येण्यासारखं असेल तर "सो", सोसावं लागणार असेल तर "स". "सो"पैकी सगळ्यात लहान एक निवडा आणि या आठवड्यात निकालात काढा. न दिलेलं उत्तर, न केलेला फोन, नको असताना घेतलेलं काम. मोठ्या दुःखांबद्दल आपण बरंच बोलतो, पण रात्रीच्या चॉकलेटमागे बऱ्याचदा असला एखादा न केलेला फोन असतो.

"स"साठी अंगाला हलकं करणारी साधनं लागतात. मला तीनच भरवशाची वाटतात.

संथ श्वास. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतील असा वेग: चार-पाच सेकंद आत, पाच-सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा किंचित जास्त. चक्कर आली तर तुम्ही फार खोल ओढताय. वेग तोच ठेवून श्वास उथळ करा.

पंधरा मिनिटांचं चालणं. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये रोज चॉकलेट खाणारे 78 लोक घेतले. कामाला बसण्याआधी जे पंधरा मिनिटं झपझप चालून आले त्यांनी टेबलावर ठेवलेलं चॉकलेट बसून राहिलेल्यांच्या जवळपास निम्मंच खाल्लं. काम सोपं की अवघड, याने फारसा फरक पडला नाही. व्यायाम म्हणून नव्हे, दिवसाचे दोन भाग तोडण्यासाठी चाला. काम संपणं आणि घरचं सुरू होणं यांच्यामध्ये चालणं बसवता आलं तर उत्तम.

मन कागदावर रिकामं करणं. पंधरा मिनिटं, जे येईल ते, पुन्हा वाचायचं नाही. फाडून टाकलंत तरी चालेल.

यातलं एकच निवडा आणि रोज ठरल्या वेळी करा, ताण असो नसो.

नेहमीची चूक. ऐन भांडणाच्या रात्री पहिल्यांदाच श्वास मोजायला बसणं. मग "माझ्यावर याचा परिणाम होत नाही" असा निकाल लागतो. पोहायला कुणी पुरात शिकत नाही. दोन आठवडे शांत वेळी सराव झाला की मगच वादळात ते साधन हाताला लागतं.

## टप्पा 4: तलफ आणि घास यांच्यात दहा मिनिटं

इथवर आलात म्हणजे पोट वेळेवर भरतंय, झोप बरी आहे, एक साधन हाताशी आहे. तरीही खा खा सुटेल. आता तिला समोरून भेटायचं.

"खायचं नाही" असं म्हणू नका. "दहा मिनिटांनी खाऊ" म्हणा, आणि खरंच तसं म्हणा. मनाला नुसती बंदी घातली तर काय होतं ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये दाखवलं होतं. लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं, तर अस्वल डोक्यातून हलेना, आणि नंतर मोकळीक दिल्यावर ते आणखी जोमाने परतलं. चॉकलेट हे तुमचं पांढरं अस्वल आहे.

दहा मिनिटांत क्रमाने:

1. स्वयंपाकघरातून बाहेर पडा. दुसऱ्या खोलीत, गच्चीवर, कुठेही. डब्यासमोर उभं राहून वाट बघणं म्हणजे निव्वळ छळ.
2. काय वाटतंय त्याला नाव द्या, जितकं नेमकं तितकं बरं. "टेन्शन" पुरेसं नाही. धास्ती, अपमान, एकटेपणा, कंटाळा, शीण, मत्सर, अपराधीपणा? आपल्या भाषेत यासाठी शब्दांची कमी नाही. "कसंतरी होतंय" हा त्यातला सगळ्यात निरुपयोगी.
3. तलफ अंगात कुठे जाणवते ते बघा: घशात, छातीत, जबड्यात, हातांत. व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट तलफेला लाट म्हणत. ती चढते, माथ्यावर येते आणि न खाताही ओसरते. तिच्याशी झटापट न करता तिच्यावर तरंगायचं.
4. नावाला जुळेल असं एक काम करा.

चौथ्या पायरीवर गाडी घसरते, कारण लोक सगळ्या भावनांना एकच औषध देतात: ग्लासभर पाणी प्या. अपमान पाण्याने उतरत नाही. शीण असेल तर आडवं व्हा; दहा वाजता खावंसं वाटणं हे पुष्कळदा झोपावंसं वाटणंच असतं, फक्त अजून काम उरलंय म्हणून आपण ते कबूल करत नाही. एकटेपणा असेल तर कुणाला तरी फोन, निदान आवाजी निरोप. राग असेल तर अंगाला कष्ट हवेत: जिने चढा, फरशी पुसा, काहीही. कंटाळ्याला हातांना काम हवं. धास्ती असेल तर उद्याच्या कामाची पहिली पायरी कागदावर लिहा, फक्त पहिली. दुःख असेल तर रडा. त्याला पर्याय शोधत बसू नका.

हे सगळं आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवा, "जर-तर"च्या साच्यात: "जर रात्री जेवण झाल्यावर चॉकलेट हवंसं वाटलं, तर मी आधी दात घासून अंथरुणावर पडेन." असा ठरलेला प्रसंग आणि ठरलेली कृती जोडून केलेला निश्चय नुसत्या "कमी खाईन"पेक्षा जास्त पाळला जातो; मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं या विषयावरचं 1999 मधलं लिखाण बरंच गाजलं. तीनच वाक्यं लिहा. दहा लिहिलीत तर एकही आठवणार नाही.

आणि दहा मिनिटांनंतरही हवंच असेल तर? खा. ताटलीत घ्या, बसा, मोबाइल-टीव्ही बंद करा, चव घेत खा. हा पराभव नाही, सराव आहे. उभ्याने, पुड्यातून, मोबाइल बघत खाल्लेलं मनात नोंदलंच जात नाही, म्हणून ते पुन्हा हवं होतं. लक्ष देऊन खाल्ल्यावर बऱ्याचदा तिसऱ्या तुकड्याला ध्यानात येतं की चव काही खास नाहीये.

खाल्ल्याने मन सावरतं हा समजही एकदा तपासून बघण्यासारखा आहे. 2014 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या चमूने लोकांना उदास करणारी दृश्यं दाखवून मग कुणाला त्यांचा आवडता दिलाशाचा पदार्थ दिला, कुणाला दुसरा, कुणाला काहीच नाही. मन सगळ्यांचंच थोड्या वेळात सारखंच सावरलं. श्रेय मात्र आपण पदार्थाला देतो.

तपासणी. आठवड्यात किती वेळा खाल्लं ते मोजू नका. किती वेळा दहा मिनिटं थांबलात ते मोजा. थांबून मग खाल्लेलंही त्यात धरायचं.

## टप्पा 5: घराची मांडणी

हे एका दुपारचं काम आहे. जे सतत तोंडात टाकलं जातं ते दिसणार नाही अशा बंद डब्यात, हात वर करून काढावं लागेल अशा फळीवर. जे खायला हवं ते धुऊन, कापून, डोळ्यांसमोर. कामाच्या टेबलावर खाण्याचं काही नाही. मोठ्या पुड्यातलं आणल्याबरोबर लहान डब्यांत वाटून ठेवा.

कारखान्यात खूप प्रक्रिया झालेल्या पाकीटबंद पदार्थांबद्दल एक मुद्दा मात्र लक्षात असू द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. पुढ्यात आलेल्या साखर, स्निग्ध पदार्थ, चोथा यांचं प्रमाण सारखं राखलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंदच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि त्यांच्यावर कसला वेगळा ताण नव्हता. चिप्सचा पुडा संपवल्याबद्दल स्वतःचं मन खोदत बसण्याआधी हे आठवा.

चूक. घरातून सगळं फेकून देणं. बंदी लागली की टप्पा 4 मधलं अस्वल परत येतं, शिवाय घरातल्या इतरांचा रोष ओढवतो.

## टप्पा 6: आता एक नवी सवय. एकच.

आत्ता कुठे "हेल्दी हॅबिट"ची पाळी. रोज फळ, जेवणात भाजी वाढवणं, चालणं, जे हवं ते. पण एक, आणि इतकी लहान की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल. अर्धा तास व्यायाम नको, जेवणानंतर पाच मिनिटं चालणं. आठवड्याला 150 मिनिटांची मध्यम हालचाल, हा प्रौढांसाठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा, नंतर हळूहळू गाठता येतो.

ती एखाद्या आधीच पक्क्या असलेल्या गोष्टीला बांधा. "संध्याकाळी" म्हणजे केव्हाच नाही. "रात्रीच्या जेवणाची ताटं उचलल्यावर" ही खूण झाली.

21 दिवसांत सवय लागते असं ऐकलं असेल तर विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांचा 12 आठवडे पाठपुरावा केला. आपसूक होण्याच्या पातळीला पोचायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. सगळ्यात लवकर 18, आणि सगळ्यात मंद गतीचा अंदाज 254. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाटचालीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. दिनदर्शिकेवर फुल्यांची अखंड साखळी करणाऱ्यांनी हे वाक्य त्याच दिनदर्शिकेवर चिकटवावं. साखळी तुटली की ते सगळंच सोडून देतात.

दुसरी सवय पहिली विचार न करता व्हायला लागल्यावरच. दोन्ही एकदम घेतल्या तर पहिल्याच दगदगीच्या आठवड्यात दोन्ही जातात.

## टप्पा 7: घसरलात तर पुढचे चोवीस तास

घसराल. लग्नघर, दवाखान्याच्या खेपा, कामाची अखेरची तारीख, काहीतरी येईलच. एका रात्रीच्या खाण्याने फार काही बिघडत नाही, बिघडतं ते दुसऱ्या दिवशीच्या वागण्याने. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत पथ्यावर असणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच होतं, मग मागे कशाला राहायचं! सुरुवातीच्या चक्रातला मोकाट शनिवार-रविवार तो हाच.

त्यामुळे क्रम असा:

1. त्याच रात्री: उरलेलं झाकून ठेवा, दात घासा, झोपा. भरपाईचे बेत रात्री आखायचे नाहीत.
2. सकाळी: वजन करायचं नाही. पहिलं खाणं नेहमीच्या वेळी, भूक कमी असेल तर थोडं.
3. दुपारी: वहीत एक ओळ. "कालच्या आधी काय चुकलं होतं: जेवण, झोप, की मनातलं काही?" उत्तर पहिल्या दोनपैकी निघालं तर टप्पा 2 मध्ये परत जा, मनाचं विश्लेषण नको.
4. स्वतःशी बोलताना जवळच्या मित्राशी बोलाल तसं बोला. हे गुळमुळीत वाटेल, मलाही वाटायचं. पण क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांच्या 2007 च्या प्रयोगात पथ्यवाल्या मुलींना डोनट खायला लावून काहींना एवढंच सांगितलं की सगळेच कधीमधी असं खातात, स्वतःला बोल लावू नका. नंतर गोळ्या-चॉकलेटं पुढे ठेवली तेव्हा या मुलींनी, ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा कमी खाल्ली. लाडावून ठेवल्याने माणूस सुटतो ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

इशारा. घसरणं आठवड्यातून एकाहून जास्त वेळा व्हायला लागलं, खाणं लपवावं लागलं, किंवा उदासी दोन आठवडे सलग उतरत नसेल, तर टप्पे पुन्हा पहिल्यापासून करत बसू नका. भरलेली वही घ्या आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर वहीचीही वाट बघू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि सोबत घेऊन जा. डॉक्टर पहिल्याच भेटीत झोप किती, जेवणाच्या वेळा कोणत्या, खाण्याआधी काय घडतं, असं विचारतात, आणि आठवून सांगितलेल्या उत्तरांपेक्षा सात दिवसांच्या त्या ओळी त्यांच्या जास्त उपयोगी पडतात.